ऑटिस्टिक माणसासाठी काम शोधताय? पदाचं नाव बाजूला ठेवा, आत काय काय करावं लागतं ते बघा

ऑटिस्टिक मुलगा किंवा मुलगी वीस-बावीसची झाली की घरात एकच विषय सुरू होतो, आता पुढे काय, आणि मग ओळखीपाळखीतले लोक दोन टोकाचे सल्ले देतात. एक म्हणजे कॉम्प्युटरमध्ये घाला, ऑटिझमवाले कोडिंगमध्ये एकदम भारी असतात. दुसरा म्हणजे कुठेतरी पाकिटं भरण्यासारखं साधंसोपं बघा, तेवढाच वेळ जाईल. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी त्या माणसाकडे धड बघितलेलंच नसतं, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण नीट बघितलं तर पुढचा रस्ता बऱ्याचदा तिथेच दिसायला लागतो.

मी इथे जी पद्धत सांगतेय ती सोपी आहे पण वेळखाऊ आहे. 'अकाउंटंट', 'ग्रंथपाल', 'टेस्टर' ही नावं म्हणजे दहा-बारा वेगवेगळ्या कामांचं गाठोडं असतं. ग्रंथपालाचंच घ्या, नवीन पुस्तकांची नोंद करणं, पुस्तकं क्रमाने लावणं, चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक शोधून काढणं, काउंटरवर लोकांशी बोलणं, दंडावरून वाद घालणाऱ्याला समजावणं, कार्यक्रम घेणं, हे सगळं त्यात आलं. यातली पहिली तीन कामं एखाद्याला इतकी छान जमतील की त्याच्यासारखा माणूस शोधून मिळणार नाही आणि शेवटची तीन त्याला आजारी पाडतील. माणसाचंही तसंच, 'ऑटिझम आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. म्हणून दोन्हीकडच्या गाठी सोडायच्या, दोन याद्या करायच्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवायच्या. तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल तर खाली जिथे जिथे 'तो' किंवा 'ती' आहे तिथे 'मी' वाचा, पद्धत तीच.

आधी माणसाची यादी

एक वही घ्या आणि तीन-चार आठवडे रोज दोन-तीन ओळी लिहा. काय लिहायचं? तो न सांगता काय करतो, किती वेळ करतो, दुसऱ्याची कुठली चूक त्याच्या लगेच लक्षात येते, कुठल्या गोष्टीत कोणी मध्ये आलं की चिडतो, दिवसाच्या कुठल्या वेळी ताजातवाना असतो, बाहेर जाऊन आल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो.

आणि लिहिताना विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. 'हुशार आहे', 'स्मरणशक्ती चांगली आहे', 'चित्रकला छान आहे' याचा नोकरी शोधताना काडीचाही उपयोग नाही. 'बिलावरची बेरीज न सांगता तपासते आणि चूक सापडल्याशिवाय उठत नाही', 'सबटायटल आवाजाच्या अर्धा सेकंद मागे असेल तर त्याला लगेच कळतं आणि बघणंच अशक्य होतं', 'नवीन मशीन आलं की मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि मग घरातल्या बाकीच्यांना तोच शिकवतो', असं लिहिलंत की त्यातून काम दिसायला लागतं. पहिल्यात हिशोबांची जुळणी दिसते, दुसऱ्यात व्हिडिओ एडिटिंग किंवा क्वालिटी चेक, तिसऱ्यात टेक्निकल लेखन नाहीतर ट्रेनिंगचं साहित्य तयार करणं.

आवडीचा विषय असेल तर तिथे घाई करू नका. समजा त्याला रेल्वेचं वेड आहे. सगळे म्हणतात रेल्वेत लावा. पण रेल्वेतलं नेमकं काय? एकाला टाइमटेबल आवडतं, कुठली गाडी कुठे क्रॉस होते, कुठे किती मिनिटं थांबते, म्हणजे त्याला वेळापत्रक आणि नियोजन यात रस आहे आणि ते गोदामात, हॉस्पिटलच्या शिफ्ट लावण्यात, डिलिव्हरीच्या रूटमध्ये कुठेही चालेल. दुसऱ्याला इंजिनचा आवाज आवडतो आणि आवाजावरून तो इंजिनचा प्रकार ओळखतो, त्याचा कान मशीनच्या देखभालीत किंवा साउंडच्या कामात लागेल. तिसऱ्याला डब्यांचे नंबर आणि नोंदी आवडतात, त्याला मालाची यादी, आर्काइव्ह, कॅटलॉग असली कामं. वेड एकच पण कामं तीन. आणि अजून एक, काहींना आपली आवडीची गोष्ट कामात आलेली अजिबात नको असते कारण दिवसभराचा शीण घालवायला तीच एक जागा असते. तेव्हा आधी विचारा.

विचारण्यातही पद्धत आहे. 'तुला काय करायला आवडेल?' हा प्रश्न फार मोकळा आहे, बऱ्याच जणांना त्याचं उत्तर देताच येत नाही आणि मग घरचे समजतात की ह्याला कशातच इंटरेस्ट नाही. त्यापेक्षा दोन-तीन पर्याय द्या, फोटो किंवा व्हिडिओ दाखवा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ते काम प्रत्यक्ष दोन तास करून बघू द्या. जे बोलत नाहीत, टॅबलेटवर किंवा चित्रांच्या बोर्डवर सांगतात, त्यांच्यासाठी तर हेच करा. कुठल्या कामापासून उठून गेला, कुठल्या कामाकडे परत आला, हे उत्तरच आहे, तेही वहीत लिहा.

जुने रिपोर्ट, आयक्यूचे आकडे यांच्यावर फार विसंबू नका. २००७ साली मिशेल डॉसन, लोरां मोत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्याच ऑटिस्टिक मुलांना दोन वेगळ्या बुद्धिमत्ता चाचण्या दिल्या, एक नेहमीची वेक्स्लर आणि दुसरी आकृत्यांचे पॅटर्न पूर्ण करायची रेव्हन. रेव्हनमध्ये त्यांची जागा सरासरी ३० पर्सेंटाइलने वर गेली, म्हणजे शंभर जणांच्या रांगेत साधारण तीस जागा पुढे. मुलं तीच होती, फक्त चाचणी बदलली. म्हणजे कुठेतरी फाइलमध्ये एक आकडा पडलाय म्हणून 'हे त्याच्या आवाक्यातलं नाही' असं ठरवून टाकू नका. ऑटिस्टिक माणसात जमणाऱ्या आणि न जमणाऱ्या गोष्टींमध्ये खूप मोठी दरी असू शकते, दहा पानांचा रिपोर्ट एकही चूक न करता लिहिणारी बाई एक फोन करायला अर्धा दिवस हिंमत गोळा करत बसते, आणि यातल्या एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. दोन्ही खरं असतं.

मग परिस्थितीची यादी, आणि ही टाळू नका

माझं ठाम मत आहे की बहुतेक नोकऱ्या कामामुळे सुटत नाहीत, कामाच्या आजूबाजूला जे असतं त्याने सुटतात. काम येत असतं, पण डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडत असते, शेजारचा स्पीकरवर बोलत असतो, जेवणाची वेळ रोज बदलते, युनिफॉर्मची कॉलर टोचते, आणि बॉस दर वीस मिनिटांनी 'जरा हे आधी कर' म्हणतो. दोन महिन्यांत माणूस मोडतो आणि सगळे म्हणतात त्याला काम झेपलं नाही.

म्हणून आवाज, प्रकाश, वास, गर्दी, स्पर्श, प्रवास, मध्येच अडवणं, वेळापत्रकातले बदल, फोन, टीमचा आकार, या प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहा: अजिबात चालणार नाही, सोय केली तर चालेल, काही फरक पडत नाही. 'अजिबात चालणार नाही'मध्ये फक्त खरंच तसं असेल तेच टाका, नाहीतर यादी इतकी लांब होईल की एकही नोकरी उरणार नाही. 'सोय केली तर'पुढे ती सोय काय तेही लिहा, हेडफोन, भिंतीकडची जागा, अर्धा तास आधी सुटणारी शिफ्ट, जे असेल ते, पुढे इंटरव्ह्यूनंतर हेच कागद कामाला येणार आहेत. आणि उलटही लक्षात घ्या, काही जणांना हालचाल, वजन उचलणं, एकसारखा मोठा आवाज हे उलट बरं वाटतं, त्यांना शांत केबिनमध्ये बसवलंत तर ते दिवसभर अस्वस्थ राहतील.

आता नोकरीचे तुकडे करा

ऑटिस्टिक म्हटलं की कोडिंग हे चित्र कुठून आलं माहितीये? त्यात चूक कोणाची नाही. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉने यांनी २००४ साली स्पेशलिस्टर्न नावाची, ऑटिस्टिक लोकांना काम देणारी कंपनी काढली, त्यांच्या ऑटिस्टिक मुलाने लहानपणी युरोपच्या रोड अॅटलासमधलं अनुक्रमणिकेचं अख्खं पान, नकाशाच्या चौकटी आणि आकड्यांसकट, आठवणीतून काढलं होतं आणि ते बघून यांना वाटलं की ही नजर कामात यायला हवी. सॉने स्वतः टेलिकॉम क्षेत्रातले, त्यामुळे सुरुवात सॉफ्टवेअर टेस्टिंगपासून झाली. मग २०११ मध्ये जर्मनीत ऑटिकॉन ही तशीच कंपनी, २०१३ मध्ये एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचा ऑटिस्टिक लोकांना नोकरीत घेण्याचा कार्यक्रम, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा, सगळे कॉम्प्युटरवाले, म्हणून बातम्याही त्याच आल्या. पण त्याआधी, १९९६ मध्येच, अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये प्रोजेक्ट सर्च सुरू झालं होतं आणि त्याची सुरुवात इमर्जन्सी विभागातलं सामान वेळच्या वेळी भरून ठेवण्याच्या कामातून झाली. बौद्धिक अक्षमता असलेली, ऑटिस्टिक अशी तरुण मुलं तिथे वर्षभरात वेगवेगळ्या विभागांत काम करून शिकतात, त्यात कोडिंग कुठेच नाही.

एक काम जवळून बघूया. हॉस्पिटलचा स्टरलायझेशन विभाग, जिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, परत सेट करून निर्जंतुक करतात. 'हॉस्पिटलमध्ये काम' म्हटलं की घरचे घाबरतात, गर्दी, आजारी माणसं, रडारड. पण या विभागात पेशंट येतच नाही. आत काय चालतं? वापरलेली हत्यारं येतात, ती धुतली जातात, मग प्रकाशाखाली भिंग धरून प्रत्येकाचा सांधा आणि दाते तपासायचे, कुठे डाग, गंज, तडा आहे का. कात्री नीट कापते का, क्लॅम्पचं लॉक घट्ट बसतं का. मग यादी समोर ठेवून ट्रे लावायचा, कुठली हत्यारं, किती, कुठल्या क्रमाने, सगळं लिहिलेलं असतं. इंडिकेटरची पट्टी (वाफ नीट पोचली की हिचा रंग बदलतो) आत टाकायची, ट्रे गुंडाळायचा, लेबल लावायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ किंवा १३४ अंश सेल्सियसला, वाफेवर. शेवटी नोंद.

आता वहीतल्या यादीशी जुळवा. बारीक खोट दिसणारी नजर, क्रम तुटलेला सहन न होणं, यादीप्रमाणे शेवटपर्यंत जाणं, 'चालतंय की' असं न म्हणणं, हे सगळं इथे हवंच आहे, इथे कंटाळून एक पायरी सोडणारा माणूस धोकादायक असतो. पण परिस्थितीच्या यादीशीही जुळवा! उष्णता आहे, वाफेचा आणि मशीनचा आवाज आहे, केमिकलचा वास आहे, ग्लोव्ह्ज, गाऊन, टोपी दिवसभर अंगावर हवी. ज्याला कपड्याचा स्पर्श सहन होत नाही त्याला हे काम कितीही जमत असलं तरी देऊ नका. आणि एक तुकडा बाकी राहतो, ऑपरेशन थिएटरमधून घाईत येणारे फोन, 'तो सेट आत्ता हवा, कुठे आहे?' हा तुकडा काढून शेजारच्या माणसाकडे देता येतो का, आणि त्या बदल्यात त्याच्याकडची तपासणी जास्तीची याच्याकडे येईल का, हे मॅनेजरशी बोलायचं. नोकरी अशी कापून-जोडून त्या माणसाच्या मापाची करून घेणं हे सपोर्टेड एम्प्लॉयमेंटवाले, म्हणजे अक्षमता असलेल्यांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणारे लोक कायम करतात, मागायला लाजू नका, कारण बऱ्याचदा त्या टीमलाही ते हवंच असतं, ज्याला फोन आवडतो त्याला भिंग धरून बसायचा वैताग असतो.

असंच तुम्ही कुठल्याही कामाचं करू शकता. हिशोबांची जुळणी, प्रूफरीडिंग, कागदपत्रं स्कॅन करून त्यांची नावं-तारखा टाकणं, गोदामातली स्टॉकमोजणी, लॅबमध्ये नमुने लावणं, नकाशांचा डेटा, नर्सरीतली रोपं, जनावरांची निगा, घड्याळं आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती, कपड्यांच्या पॅटर्नची मापं, भाषांतर, ट्रान्सक्रिप्शन. आणि हो, लोकांशी बोलायचं काम म्हणजे ऑटिस्टिक माणसाला बाद असंही धरू नका, ज्या विषयाचं सखोल ज्ञान आहे तो शिकवणं, म्युझियममध्ये ठरलेली माहिती सांगणं, दुसऱ्या ऑटिस्टिक मुलांना मदत करणं यात कितीतरी जण फुलतात. बोलण्याचा विषय आणि वेळ ठरलेली असली की बोलणं तेवढं जड जात नाही.

माहिती कुठून काढायची तर जाहिरातीतून निम्मीच मिळते. 'उत्तम संवादकौशल्य', 'टीम प्लेअर', 'वेगवान वातावरण' हे शब्द प्रत्येक जाहिरातीत सवयीने टाकलेले असतात, ते वाचून ऑटिस्टिक उमेदवार प्रामाणिकपणे 'माझ्यात हे नाही' म्हणून अर्जच करत नाही. तसं करू नका. तेच काम आत्ता करणारा एखादा माणूस शोधा आणि त्याला विचारा की काल सकाळी आल्यापासून जाईपर्यंत काय काय केलंस, फोन किती आले, काम कोण देतं आणि कसं देतं, तोंडी की लिहून, मध्येच किती वेळा बदलतं. 'तुमचं काम काय?' विचारलंत तर तो पदाचं वर्णन सांगेल, 'काल काय केलंत?' विचारलंत तर खरं काम सांगेल. एचआरवाल्यांसाठी पण हेच, जाहिरात लिहिताना या पदावरच्या माणसाला आठवड्यात खरंच जे करावं लागतं तेवढंच लिहा, बाकी काढून टाका.

इंटरव्ह्यू

इथे सगळ्यात जास्त चांगली माणसं गळतात. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे, त्यात लोकांना ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या छोट्या क्लिप दाखवल्या, आणि काही सेकंदांत बघणाऱ्यांचं मत ऑटिस्टिक माणसांबद्दल प्रतिकूल झालं. पण आवाज आणि चेहरा काढून फक्त बोललेले शब्द लिहून दिले तर हा फरक उरलाच नाही. म्हणजे बोललेलं ठीकच होतं, लोकांना खटकला तो डोळ्यात न बघणं, आवाजाची पट्टी, बसण्याची ढब. आणि ऑफिसचा इंटरव्ह्यू म्हणजे नेमकं हेच मोजण्याचं यंत्र आहे, मग काम कितीही येत असो.

त्यामुळे जमेल तिथे बोलण्याच्या जागी काम दाखवायची सोय मागा. टेंपल ग्रँडिन, ज्या स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि गुरं हाताळायच्या व्यवस्थांच्या डिझाइनसाठी जगभर ओळखल्या जातात, त्यांनी सुरुवातीच्या काळात लोकांपुढे स्वतःला न विकता आपली ड्रॉइंग्ज पुढे ठेवली आणि आजही त्या तरुणांना तेच सांगतात, पोर्टफोलिओ करा. केलेल्या कामाचे फोटो, दुरुस्त केलेल्या शीटचं आधी-नंतर, लिहिलेली पानं, जे असेल ते एका फोल्डरमध्ये. स्पेशलिस्टर्न तर उमेदवारांना लेगोचे रोबो बांधायला आणि प्रोग्राम करायला देऊन बघत असे की कोण कसा विचार करतो, अडल्यावर काय करतो. छोट्या कंपनीलाही हे जमतं, दोन तासांचं खऱ्यासारखं काम द्या आणि बघा. दोन तासांपेक्षा जास्त, दोन-तीन दिवसांचं असेल तर त्याचे पैसे द्या, फुकट काम करून घेऊ नका.

इंटरव्ह्यू घ्यायचाच असेल तर प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा, किती वेळ लागेल, कोण असेल, खोली कुठली तेही. आणि प्रश्न बदला. 'स्वतःबद्दल सांगा' याला ऑटिस्टिक माणूस जन्मापासून सुरुवात करेल किंवा गप्प बसेल, कारण नेमकं काय हवंय हे प्रश्नात नाहीच. त्याऐवजी 'याआधी तुम्ही कुठलं काम केलंत जे या कामासारखं होतं? त्यातली तीन कामं सांगा' असं विचारा. 'दबावाखाली कसं काम करता?' याऐवजी 'एकाच वेळी दोन कामं दिली आणि दोन्ही आजच हवीत, तर तुम्ही काय कराल?' उत्तर फार लांबलं तर मध्ये सांगा की एवढं पुरे, पुढचा प्रश्न, त्याचा कोणाला राग येत नाही. उमेदवार असाल तर हे सगळं ईमेलवर आधी मागू शकता, एक-दोन ओळीत.

सांगायचं की नाही

ऑटिझम आहे हे कंपनीला सांगायचं का, कधी, कोणाला, हा निर्णय त्या माणसाचा आणि फक्त त्याचा. आईवडिलांनी परस्पर फोन करून सांगायचं नाही, मला माहितीये की काळजीपोटीच होतं हे, तरी नाही. सांगितल्याने सोयी मागता येतात, कायद्याचा आधार मिळतो, अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने, भारतात २०१६ च्या कायद्याने. पण सांगितल्यावर बघायची नजर बदलणारे लोकही आहेत, हे नाकारून चालणार नाही.

मधला मार्ग असा की नुसतं नाव सांगण्यापेक्षा अडचण आणि उपाय एकत्र सांगा. 'मी ऑटिस्टिक आहे. तोंडी दिलेल्या तीन-चार सूचना एकदम लक्षात राहत नाहीत, त्या ईमेलवर मिळाल्या तर माझं काम वेळेत आणि बरोबर होतं. मोठ्या हॉलमध्ये हेडफोन लावावे लागतात, मी लक्ष देत नाही असं कृपया समजू नका.' एवढं पुरतं. नाव न घेताही हेच वाक्य सांगता येतं, 'मी ऑटिस्टिक आहे' एवढं काढा आणि बाकीचं तसंच ठेवा, बहुतेक मॅनेजरना नाव नकोच असतं, काय करायचं ते हवं असतं.

पहिले तीन महिने

मॅनेजरने सूचना कशा द्यायच्या याचं एक उदाहरण. 'हे जरा बघून घे' ही सूचना नाहीये. काय बघायचं, कधीपर्यंत, बघून काय करायचं, काहीच नाही त्यात, आणि बाकीचे लोक अंदाजाने भरून घेतात, ऑटिस्टिक माणूस अंदाज न करता थांबतो किंवा सगळंच्या सगळं बघत बसतो. असं लिहा: 'आज चारपर्यंत पान ३ ते ९ मधले आकडे मूळ बिलांशी ताडून बघ. फरक सापडला तर त्या ओळीला पिवळा रंग दे, आकडा बदलू नकोस. काही अडलं तर मला मेसेज कर, फोनची गरज नाही.' असं लिहायला मिनिटभर जास्त लागतं, नाही लिहिलं तर दोघांचाही अख्खा दिवस वाया जातो.

प्रश्न विचारायला एकच ठरलेला माणूस द्या. न लिहिलेले नियम लिहून द्या, डबा कुठे खायचा, बॉसला दारावर टकटक करून जायचं की मेसेज करून, उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचं, मीटिंगमध्ये कॅमेरा लागतो का. चूक झाली तर त्याच दिवशी, एकट्याला, सरळ शब्दात सांगा, सूचक बोलून 'कळेल त्याला' असं नको. जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा माणूस, मिळत असेल तर सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून एकदा, मग लागेल तसं, आणि हळूहळू ती जागा टीममधल्या एखाद्या सहकाऱ्याने घ्यायची.

शिकवायचं फक्त नवीन आलेल्यालाच असतं असं नाही. डेमियन मिल्टन नावाच्या ऑटिस्टिक संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमधलं एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मग २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत जायचा प्रयोग केला, सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत माहिती तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या रांगेत, गळती झाली ती मिश्र रांगेत. त्यामुळे 'त्याला कम्युनिकेशन जमत नाही' असं लिहिण्याआधी टीमसोबत अर्धा तास बसा, आणि जमलं तर एका जागी एकापेक्षा जास्त ऑटिस्टिक माणसं घ्या.

पगार, बढती आणि थकवा

'यांना तेच तेच काम आवडतं' म्हणून कमी पगार देणं चुकीचं आहे, स्पष्ट सांगते. त्याच कामाला इतरांना जे मिळतं तेच. बरेच ऑटिस्टिक लोक स्वतःहून पगारवाढ मागत नाहीत कारण त्यांना वाटतं चांगलं काम केलं की आपोआप मिळेल, तेव्हा घरच्यांनी किंवा कोचने वर्षातून एकदा हा विषय त्यांच्याशी काढायचा.

बढतीचा घोळ वेगळाच. उत्तम तपासणी करते म्हणून तिला तपासणाऱ्या सहा जणांची मॅनेजर करायचं, म्हणजे जे येतं ते काढून घ्यायचं आणि जे जड जातं तेच द्यायचं. सीनियर तज्ज्ञ असं पद ठेवा, पगार वाढवा, माणसं सांभाळायला देऊ नका, तिने मागितलं तर गोष्ट वेगळी.

आणि मास्किंग, म्हणजे दिवसभर इतरांसारखं वागण्याचा प्रयत्न. ऑफिसमध्ये सगळं छान चाललेलं दिसतं, घरी आल्यावर बोलणं बंद, जेवण नको, रविवार पूर्ण अंथरुणात. हे आळस नाहीये, हा बर्नआउटचा रस्ता आहे, तो पूर्ण झाला की महिनोन् महिने माणूस उठत नाही आणि आधी जमणारी कामंही जमेनाशी होतात. जे लोक कामात बुडाले की तहानभूक विसरतात त्यांना ब्रेकची आठवण बाहेरून द्यावी लागते, अलार्म लावा, शेजारच्याला सांगा. पूर्ण वेळाऐवजी आठवड्याला वीस-पंचवीस तास हे काही जणांसाठी कायमचं योग्य उत्तर असतं, त्याला तात्पुरतं म्हणू नका.

नाही जमलं तर

राजीनामा देण्याआधी दोन्ही याद्या काढा आणि बघा नेमकं काय तुटलं. कामाचा तुकडा जुळला नाही, परिस्थिती सहन झाली नाही, की माणसांशी फिसकटलं? तपासणी छान जमत होती पण नवीन जागा ऑटोक्लेव्हच्या शेजारी आली म्हणून त्रास सुरू झाला, तर जागा बदलून बघा, नोकरी सोडायची गरज नसेलही. नवीन मॅनेजर आला आणि लिहून सूचना बंद झाल्या, तर तेवढंच परत मागा. आणि सोडायचीच असेल तर जाण्याआधी मॅनेजरकडून एक पत्र घ्या, 'काम चांगलं होतं, स्वभाव चांगला होता' असं नको, रोज कुठली कामं केली, किती ट्रे किंवा किती बिलं तपासली, चुका किती कमी झाल्या, कुठल्या सोयी दिल्यावर काम चांगलं झालं, हे सगळं त्यात लिहून मागा. ते पत्र वहीत चिकटवा, पुढच्या ठिकाणी अर्जासोबत जोडायचं.